ताईचा डावा कान

आमचं टेलिफोन एक्स्चेंज पोस्टाच्या वरच्या मजल्यावर होतं. लाकडी जिना चढून आत आलं की दाराजवळ छत्र्या टांगायच्या खुंट्या, त्यांच्या बाजूला सुपरवायझरचं टेबल आणि समोर भिंतभर बारा बोर्ड. बोर्डावर ओळीने भोकं, प्रत्येक भोकावर वाटाण्याएवढा दिवा, खाली दोऱ्यांच्या जोड्या. दिवा लागला की एका दोरीची पिन त्या भोकात खुपसायची, "नंबर सांगा" म्हणायचं आणि जोडीची दुसरी पिन सांगितलेल्या नंबरात घालायची. दिवसभर हेच. माझ्या नातीला हे सांगितलं तर ती विचारते, "म्हणजे तुम्हीच मशीन होतात?" होतो बाई, होतो. पण त्या खोलीत बारा मुली एकदम बोलायला लागल्या की जो सलग गुणगुणाट व्हायचा, तो अजूनही कधीकधी दुपारी डोळा लागता लागता माझ्या कानात येतो.

तिथे मी चिकटले ती ताईच्या शब्दावर. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आणि बोर्डावरची सगळ्यांत भरवशाची. गावातले चारशे नंबर तिला तोंडपाठ. लोक तिला नंबर सांगायचेच नाहीत. "जरा माझ्या सासऱ्यांना द्या," म्हणायचे आणि ताई बरोबर सासऱ्यांना जोडून द्यायची. आमच्या सुपरवायझरला सगळ्या मोठ्या बाई म्हणत. त्या नव्या मुलींना सांगायच्या, "पुस्तक नंतर वाचा, आधी हिच्याकडे बघा." माझा बोर्ड ताईच्या डाव्या हाताला होता. डावीकडून काही बोललं तर तिला ऐकू यायचं नाही, म्हणून मी तिला कोपराने ढोसायची.

ताई सात वर्षांची असताना तिला गोवर आला होता. त्यात डावा कान ठणकला, फुटला आणि वाहायला लागला. ठणका गेला, वाहणं राहिलं. महिनाभर कोरडा असायचा, मग सर्दीचं निमित्त व्हायचं आणि पुन्हा उशीवर डाग. आई कोमट तेल घालायची, शेजारीण कसल्याशा पाल्याचा रस आणून द्यायची, दवाखान्यातला कंपाउंडर जांभळं औषध सोडायचा. आधी सगळे म्हणाले, दुधाचे दात पडले की थांबेल. मग म्हणाले, वयात आली की थांबेल. मग लग्न झालं की थांबेल. ताई म्हणायची, "कानाला माझ्यापेक्षा जास्त घाई दिसतेय." हळूहळू घरात तो कान म्हणजे गळक्या नळासारखा झाला. आहे तो आहे, त्याच्याखाली भांडं ठेवायचं.

वास यायचा. हे आजही सांगताना मला बरं वाटत नाही, पण यायचा. ताईच्या पर्समध्ये एक गोल पत्र्याची डबी असे, तीत कापसाचे छोटे बोळे. दर दोन तासांनी ती बाथरूममध्ये जाऊन बोळा बदलायची आणि मानेला थोडं अत्तर लावायची. पोरींना वाटायचं, हिला नटायची हौस आहे. त्या कानाने तिला जवळजवळ ऐकू येत नव्हतं, पण त्याचंही तिने हसं करून टाकलं होतं. "लोक एका कानाने ऐकतात आणि दुसऱ्याने सोडून देतात. माझं दुसरं दार बंद आहे, म्हणून तर चारशे नंबर आत राहिले."

नोकरीला लागताना डॉक्टरी तपासणी होती. डॉक्टर पाठीमागे उभं राहून हलक्या आवाजात आकडे म्हणायचे आणि आपण ते परत म्हणायचे. उजवा झाल्यावर ते डावीकडे आले, तेव्हा ताईने मान खाजवायच्या निमित्ताने डोकं किंचित वळवलं आणि उजव्यानेच ऐकलं. हे गुपित फक्त मला माहीत होतं. हेडफोन एकाच कानाला लावायचा असतो, त्यामुळे पुढे कुणाला कळायचं कारणही नव्हतं.

ताई पंचविसाची झाली त्या वर्षी तिला चक्कर यायला लागली. मी पहिल्यांदा पाहिलं ते एक्स्चेंजच्या बाथरूममध्ये. ती बोळा बसवत होती, बोटाने जरा आत दाबला आणि एकदम बेसिनची कड धरून उभी राहिली. आरशात मला तिचे डोळे एका बाजूला सरकताना दिसले. क्षणभरात सगळं ठीक.

"काय झालं गं?"

"काही नाही. अशक्तपणा."

"कान दाबलास आणि तुला चक्कर आली."

"छोटे, तू बोर्ड सांभाळ. माझी डॉक्टरकी नको करूस."

मी गप्प बसले. तीन महिने गप्प बसले. त्या काळात ती जिना कठड्याला धरून उतरायला लागली. वळताना आधी पाय रोवायची, मग मान वळवायची. कानामागे दुखतं म्हणून झोपताना टॉवेलची घडी घ्यायची. मला सगळं दिसत होतं. पण तपासणीतली लबाडी उघडी पडली तर तिची नोकरी जाणार आणि तिच्या शब्दावर लागलेली मी, माझंही काही खरं नाही, हे मला कळत होतं. भीती तिच्यासाठी किती होती आणि स्वतःसाठी किती, हे मी तेव्हा नीट बघितलं नाही.

मग एके दिवशी कान वाहायचा थांबला. अठरा वर्षांत प्रथमच सर्दी असताना कोरडा. ताई इतकी खूश झाली की डबी पर्समधून काढून तिने कपाटात ठेवली. आईला म्हणाली, "बघ, लग्नाशिवाय थांबला." आई हसता हसता रडली. डोकं मात्र दुखायला लागलं होतं, डाव्या बाजूने, आतल्या आत. ताई म्हणाली, थंडीमुळे.

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही दोघी कामावर निघायच्या तयारीत होतो. ताई चूळ भरत होती आणि पाणी तिच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून आपोआप खाली ओघळलं. तिने पुन्हा चूळ भरली, पुन्हा तेच. ती माझ्याकडे वळली. चेहऱ्याची उजवी बाजू नेहमीच्या ताईची होती. डावी बाजू जणू कुणी इस्त्री केल्यासारखी सपाट, ओठ खाली ओढलेला, डोळा उघडा तो उघडाच.

"मिटून बघ," मी म्हणाले.

तिने मिटला. उजवा मिटला. डाव्याचं फक्त बुबुळ वर गेलं.

"वारं लागलं असेल," ती म्हणाली. शब्दही ओठातून घसरत होते. "एक-दोन दिवसांत जाईल. आईला दाखवू नकोस."

तिने स्कार्फ घेतला, गालावरून गुंडाळला आणि मला ओढतच बाहेर काढलं. बोर्डावर बसली. "नंबर सांगा" मधला 'ब' तिला म्हणता येत नव्हता. पलीकडची माणसं "कोण बोलतंय?" विचारत होती. रोज तिच्याशी बोलणाऱ्या माणसांना तिचा आवाज ओळखू येईना, हे ऐकलं आणि मी हातातली पिन खाली ठेवली. मी हेडफोन काढला, उठले आणि सरळ मोठ्या बाईंच्या टेबलाशी जाऊन सगळं सांगितलं. गोवरापासून ते तपासणीपर्यंत, काही न गाळता.

मोठ्या बाई जाड भिंगाचा चष्मा लावायच्या आणि हळू बोलायच्या. त्या उठल्या, ताईच्या मागे गेल्या, तिच्या डोक्यावरून हेडफोन काढून घेतला आणि स्कार्फ बाजूला केला. ताईने माझ्याकडे जे पाहिलं, ते अर्ध्याच चेहऱ्याने पाहिलं, पण मला पुरलं.

कानाचा सर्जन आमच्या गावात नव्हता. शहरात एकच मोठा होता, त्याचं नाव मोठ्या बाईंनी ऐकलं होतं. ड्यूटीवर खासगी ट्रंक कॉल लावायचा नाही, हा नियम त्यांनीच भिंतीवर टाइप करून लावलेला. त्याच्याच खाली बसून त्यांनी शहराची लाइन मागितली.

शहराच्या एक्स्चेंजमध्ये एक ऑपरेटर होती. तिचा आवाज बारीक आणि टोकदार, म्हणून आम्ही तिला किनरी म्हणायचो. दिवसातून वीसदा बोलणं, पण चेहरा कुणी पाहिलेला नव्हता. मोठ्या बाईंनी तिला थोडक्यात सांगितलं. किनरी म्हणाली, "लाइन सोडू नका, मी शोधते." सर्जन घरी नव्हते. हॉस्पिटलमध्ये नव्हते. तिने मेडिकल कॉलेज लावलं, तिथल्या ऑपरेटरने वर्ग लावला, वर्गातल्या शिपायाने दुसरीच खोली सांगितली. बाकीच्या दहाही मुली पिना हातात धरून ऐकत होत्या आणि बोर्डावर दिवे लागत होते. त्या सकाळी गावातल्या कितीतरी माणसांना वाटलं असेल की टेलिफोन बिघडलाय. वीस मिनिटांनी एक जाड, वैतागलेला आवाज आला, "बोला."

फोन माझ्या हातात देण्यात आला. त्यांनी एकामागून एक प्रश्न विचारले.

"कान किती वर्षं वाहतोय? वास येतो? आता वाहायचा थांबलाय का?"

"हो, पाच दिवस झाले. म्हणून तर आम्हाला वाटलं, बरा झाला."

"बरा नाही झाला. बाहेर यायची वाट बंद झाली. कान दाबल्यावर गरगरतं?"

"हो."

"ताप? मान ताठ होते? उलटी?"

"अंग कोमट आहे. बाकी नाही."

"आज घेऊन या. उद्या म्हणू नका."

खाली पोस्टाची टपालगाडी बारा वाजता शहराला निघायची. मोठ्या बाई स्वतः खाली गेल्या. ड्रायव्हर म्हणाला, माणसं न्यायची परवानगी नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, "मग ह्यांच्यावर तिकीट लावू का?" तो हसला आणि पुढच्या सीटवरची चादर झटकली. ताई खिडकीशी, मी मध्ये. निरोप मिळताच आई धावत आली, तिने पिशवी दिली आणि ताईच्या गालाला हात लावला. त्या कानात इतकी वर्षं तेल घालणारे हात तिचेच होते ना. साडेतीन तास ताई खिडकीबाहेरच बघत राहिली. दर खड्ड्याला ती डोकं दोन्ही हातांनी धरत होती. वाऱ्याने उघडा डोळा सुकू नये म्हणून मी त्यावर ओला रुमाल धरून बसले, तेवढं तिने करू दिलं.

सर्जन ठेंगणे होते, कपाळावर गोल आरसा. त्यांनी कानात बघितलं, घुमणारा लोखंडी चिमटा ठोकून ताईच्या कपाळावर टेकवला, तिची मान पुढे वाकवून पाहिली, डोळ्यांत उजेड टाकला. मग कागदावर चित्र काढून समजावलं. पडद्याला वरच्या कोपऱ्यात भोक पडलेलं, तिथून बाहेरची कातडी आत शिरलेली. आत तिचा कांद्यासारखा पापुद्र्यांवर पापुद्रा साचून पांढरा गड्डा झालाय. तो वाढतो आणि वाढताना हाड खातो. ऐकण्याची बारीक हाडं बहुधा खाल्लीच. तोल सांभाळणाऱ्या नळीला भोक पाडलं, म्हणून चक्कर. चेहऱ्याची नस ह्याच हाडातून जाते, तिला त्याने काल रात्रीत गाठलं. आणि वर अंड्याच्या टरफलाएवढी पातळ भिंत, तिच्या पलीकडे मेंदू.

"तिथे पोचला का, ते उघडल्यावर कळेल," ते म्हणाले. "कानामागचं हाड कोरून सगळं साफ करावं लागेल. आधी जीव वाचवायचा, मग चेहरा. ऐकण्याचं ह्या बाजूचं वचन देत नाही."

ताई घसरत्या शब्दांत म्हणाली, "मी ऑपरेटर आहे. मला कामावर बसता येईल का?"

"उजवा कान कसा आहे?"

"उजव्यात चारशे नंबर आहेत."

सर्जनच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा हसू आलं. "मग उजव्याला हात लावत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिला आत नेलं आणि साडेअकराला बाहेर आणलं. डोक्याला पांढरं मुंडासं बांधल्यासारखं बँडेज. सर्जन बाहेर येऊन बाकावर माझ्या शेजारीच बसले, हात अजून ओले होते. म्हणाले, गड्डा अपेक्षेपेक्षा मोठा होता. मेंदूवरच्या आवरणाला चिकटून चमचाभर पू होता, तो काढला. दोन दिवस उशीर झाला असता तर तो आत उतरला असता. नस उघडी पडली होती, सुजली होती, पण तुटलेली नव्हती. "आता तिला वेळ द्यायचा," ते म्हणाले आणि चहा प्यायला गेले. मी तिथेच बसून राहिले. 'दोन दिवस' हे शब्द माझ्या डोक्यातून जाईनात.

चार-चार तासांनी इंजेक्शनं, डोळ्यावर चिकटपट्टी, पातळ पेज. ताई बरी होत होती, पण माझ्याशी बोलत नव्हती. नर्सला सांगायची, "तिला सांगा, पाणी हवंय." मी पाणी द्यायची. असे सहा दिवस गेले.

सातव्या दिवशी दुपारी वॉर्डच्या दारातून तोच बारीक, टोकदार आवाज आला, "नंबर सांगा."

ताईने उशीवरून मान उचलली. दारात एक पन्नाशीची जाडजूड बाई उभी होती, हातात सफरचंदांची पिशवी, पायात पुरुषी बूट. आम्ही किनरीला नेहमी एखादी शिडशिडीत पोरगी समजत आलो होतो. ताईने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि तिला हसू फुटलं. अर्ध्याच तोंडाने, पण असं की टाके दुखले. किनरीला कारण कळलं असावं. ती म्हणाली, "आवाजावरून सगळ्यांना मी वीस वर्षांची वाटते. म्हणून तर मी कुणाला भेटायला जात नाही." तासभर बसून तिने शहराच्या एक्स्चेंजमधल्या सगळ्या भानगडी सांगितल्या.

ती गेल्यावर ताई मला म्हणाली, "इकडे बस. उजवीकडे."

मी बसले आणि मनातलं बोलून टाकलं. "मला तीन महिने माहीत होतं, ताई. मी नोकरीच्या भीतीने गप्प बसले. तुझ्या आणि माझ्याही."

"मला दोन वर्षं माहीत होतं," ती म्हणाली. "एकदा कापसाला रक्त लागलं होतं. मी तो बोळा संडासात टाकला आणि कामावर जाऊन बसले. मग तुझ्यावर कसली रागावतेय मी." मग उशी सारखी करत म्हणाली, "पण सगळ्यांसमोर तरी सांगायचं नव्हतंस."

"तुझ्या चांगल्या कानात सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

"नसतं," ती म्हणाली आणि सफरचंद मागितलं.

चेहरा परत यायला पाच महिने लागले. रोज सकाळी खिडकीत आरसा टेकवून ती गाल फुगवायची, शीळ घालायचा प्रयत्न करायची आणि मी शेजारी बसून तेच करायची. पहिल्यांदा नाकाजवळची एक बारीक सुरकुती हलली. आईने तिला दहादा हलवायला लावली. पुढे डोळा मिटायला लागला, मग ओठ वर आला. हसताना डावा डोळा जरासा बारीक व्हायचा, तो मात्र कायमचा राहिला. तपासणीत डोकं वळवल्याचं मोठ्या बाईंनी वरच्या साहेबांना स्वतः लिहून कळवलं आणि खाली लिहिलं की हेडफोन एका कानाला असतो, हे खात्याला माहीत आहेच. साहेब आले, ताईच्या मागे उभे राहून तासभर ऐकत राहिले. जाताना एवढंच म्हणाले, "ह्यांच्या डावीकडे कुणी तक्रार करू नका." तिचा बोर्ड तिला मिळाला.

पण कानाचं दुखणं म्हटलं तर संपलं नाही. कोरलेल्या हाडाची जी पोकळी झाली होती तिच्यात कातडी आणि मळ साचायचा. दर चार महिन्यांनी सर्जनकडे जाऊन ती साफ करून घ्यावी लागे, पाणी जाऊ द्यायचं नाही, पोहायचं नाही. त्यामुळे वर्षातून तीनदा आम्ही दोघी रजा काढून टपालगाडीने शहरात जायचो. तोच ड्रायव्हर, तीच चादर. सर्जन कान साफ करताना गावच्या बातम्या विचारायचे. मग किनरी सुट्टी झाली की भेटायची, तिघी नदीकाठच्या बागेत बाकावर बसायचो, पाव आणि उकडलेली अंडी खायचो आणि परतीच्या गाडीपर्यंत बोलत राहायचो. माझं लग्न झालं, ताईचं झालं, मुलं झाली, पण ते तीन दिवस आम्ही कुणाला दिले नाहीत. मला आयुष्यातले सुखाचे दिवस आठवायला सांगितले तर लग्नाच्या दिवसाआधी ते आठवतात. नवऱ्याला हे सांगितलेलं नाही.

एक्स्चेंज पुढे आपोआप चालणारं झालं. एका शनिवारी सगळे दिवे विझले ते विझलेच. बोर्ड काढून नेले तेव्हा भिंतीवर बारा फिकट चौकोन उरले होते. आम्हाला खालच्या कचेरीत बसवलं. नंतरच्या वर्षांत किनरी वारली, मोठ्या बाई गेल्या, सर्जनही गेले.

गेल्या महिन्यात ताईला कान साफ करायला मीच घेऊन गेले. ती आता अठ्ठ्याहत्तरची आहे. नेहमीचे डॉक्टर रजेवर होते, त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर मुलगी होती. तिने कानात पेन्सिलीएवढा कॅमेरा घातला आणि समोरच्या पडद्यावर चित्र आलं. इतक्या वर्षांत आम्ही आत काय आहे ते कधी पाहिलं नव्हतं. गुलाबी, कोरडी, गुळगुळीत पोकळी, कुठे खाच नाही, कुठे डाग नाही. तळाशी एक पांढुरकी रेघ.

"ही चेहऱ्याची नस," डॉक्टर म्हणाली. मग बराच वेळ बघत राहिली. "हे काम कुणी केलंय आजी? आता आमच्याकडे एवढी यंत्रं आहेत, तरी इतकं सफाईदार फार कमी बघायला मिळतं."

ताई पडद्याकडे टक लावून पाहत होती. "बरीच मोठी खोली काढली की त्यांनी," ती म्हणाली. "आणि मला वाटत होतं, तिथे नुसता खड्डा आहे."

बाहेर बाकावर आठ-दहा पेशंट ताटकळत होते. डॉक्टरने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा ताईकडे, मग हातमोजे काढले आणि स्टूल पुढे ओढलं. ताईने आपला उजवा कान तिच्याकडे वळवला आणि गोवरापासून सांगायला सुरुवात केली.